मौजे जांबे येथील बिनसाखरेचा तह

मौजे जांबे, तालुके मुळशी, येथील राजश्री नथूजीराव यांणी मधुमेह नामे गनिमाशी सहा महिने झुंज दिधली, तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो, पदरची साखर किमपि घातली नाही.

रावसाहेब वय वर्षे बावन्न, शेत विकून खोल्या भाड्याने देणारे, सबब हालचाल बेताची. ऐशियात दवाखान्यात रक्त तपासिले तो साखर सरहद्दीवर येऊन ठेपलेली. थोरल्या बंधूंच्या पायाचा अंगठा याच गनिमाने नेला होता, म्हणून रावसाहेब मनातून फार भ्याले. मग दवाखान्याने त्यांचा मोबाईल नंबर दफ्तरी दाखल केला आणि रोज सायंकाळी पाचास यंत्राचे फर्मान सुटू लागले की, अर्धा तास चालावे, चालल्यास एक दाबावा, न चालल्यास दोन.

रावसाहेब हुकमाचे पक्के. फर्मान येताच पांढरे बूट चढवून आळीत कूच करीत. मग जनार्दनरावांचे ओटीवर चहा, मौलाभाईंचे दुकानी चहा, आणि सारजाबाईंचे दारी तर कपबशी तयारच. नाही म्हणावे तर चार पिढ्यांचा घरोबा दुखावे, म्हणून दर ठाण्यास दोन चमचे साखर पोटात घेत आणि घरी येऊन इमानाने एक दाबीत. तीन महिन्यांनी फेरतपासणी जाहली तो गनीम दोन पावले पुढेच! डॉक्टरांनी बजाविले की, पुढील खेपेस आकडा न उतरल्यास गोळ्या सुरू.

रावसाहेबांनी यंत्रास अर्ज धाडिला की, चालतो, परंतु चहा आडवा येतो. यंत्राचा जाब आला की, उत्तर समजले नाही, एक किंवा दोन दाबावे. कुमक नाही ऐसे पाहून दुसरे दिवशी सारजाबाईंचे उंबऱ्यावर छाती घट्ट करून बोलिले, "वैनी, बिनसाखरेचा द्या."

सारजाबाई कपबशी आपटून गरजल्या, "आवं भाऊजी, आदी बोलायला काय झालं हुतं? मलाबी त्योच मेसेज येतुया! तुमास्नी वाईट वाटंल म्हनून म्या तुमच्यासंगं ग्वाड पीत हुते!"

मग चौकशी होता उघड जाहले की, जनार्दनराव आणि मौलाभाई यांसही तेच फर्मान येत होते, आणि चौघे एकमेकांचे मन राखावयास रोज एकमेकांस गोड पाजून इमानाने एक दाबीत होते. तिथेच तह ठरला की, साखरेचा डबा वरच्या फळीवर जावा आणि चौघांनी मिळून चालावे.

तीन महिन्यांनी आकडा सरहद्दीच्या आत आला, गोळ्या टळल्या, आणि यंत्राने अभिनंदन करून फर्माने बंद केली. दुसरे दिवशी पाचास मोबाईल मुका, रावसाहेब ओट्यावर निवांत टेकलेले, तोच आळीतून आरोळी उठली, "भाऊजी, मेसेज न्हाई आला म्हनून बसून ऱ्हाताय व्हय? उटा!"

रावसाहेब उठले. येणेप्रमाणे जांबे फत्ते जाहले, आणि फर्मान सोडण्याचा अधिकार सारजाबाईंकडे कायम जाहला, तो अद्याप चालू आहे.