बग्गीचा सुधारलेला क्लच

टेकडी चढताना शेतावरच्या छोट्या मोटार-बग्गीतून जळक्या रबराचा वास येऊ नये, एवढंच मेरिनला हवं होतं. यात तिचं काय चुकलं, असं ती अजूनही विचारते.

घरात मोबाइल लागत नव्हता. मोनारोच्या त्या माळावर कुणाच्याच घरात लागत नसे. ज्याची त्याची फोनची टेकडी ठरलेली. मेरिनची टेकडी मागच्या कुरणात होती, आणि दर गुरुवारी दहा वाजता तिच्या माथ्यावर उभं राहून ती बालआरोग्य केंद्राच्या नर्सबाईंशी, फिलिपाशी बोलायची. हॅटी आठ महिन्यांची झाली तरी मेरिनचे प्रश्न संपले नव्हते. (बाळ जांभई देताना डावीकडेच का वळतं, असंही तिने एकदा विचारलं होतं. फिलिपाने तिला प्रश्न पुन्हा एकदा विचारायला लावला.) पण गेल्या गुरुवारी बग्गी निम्म्या चढावर अडली. इंजिन किंचाळतंय, आत पट्टा घसरतोय, गाडी जागची हलत नाही. अकरा प्रश्नांची यादी खिशातल्या खिशात घरी परत आली.

तिचा नवरा डूगल म्हणाला, "चालतेय ना? मग हात लावू नकोस." यंत्रांबाबत हे त्याचं ठाम धोरण होतं, आणि संसाराबाबतही थोडंफार हेच.

म्हणून मेरिन गावातल्या म्हाताऱ्या क्लॅरीकडे गेली. शेतीच्या सामानाचं त्याचं दुकान, आणि माळावरच्या अर्ध्या बग्ग्यांची पोटं त्याने उघडून पाहिलेली.

"पोरी, तुझी मूळची स्प्रिंग मऊ आहे," क्लॅरी म्हणाला. "कडक स्प्रिंग घाल, आतली वजनं हलकी घाल. इंजिन आधी जोर धरेल, मग क्लच पकडेल. पण एकदा पकडला की सोडायचा नाही. हळूहळू चालवायचं काम फार पडतं का गं?"

"छे," मेरिन म्हणाली.

(हा 'छे' पुढे तिला बरेच दिवस ऐकू येत राहिला.)

रविवारी डूगल वणवा विझवणाऱ्या गावच्या पथकाच्या सरावाला गेल्यावर तिने काम उरकलं. क्लॅरीने हत्यारं दिली होती आणि कागदावर चित्र काढून दिलं होतं. चार तास गेले, दोन नखं गेली, पण शेवटी एकही नट उरला नाही, यावर तिचाच विश्वास बसेना. तिने पुन्हा सगळं उघडून पाहिलं. जुनी स्प्रिंग तिने गोठ्याच्या फळीवर ठेवली. सोमवारी सकाळी बग्गी त्या टेकडीवर अशी चढली, की माथ्यावर पोचल्यावर मेरिन क्षणभर खाली वळून स्वतःलाच शोधत होती.

त्याच आनंदात तिने गुरुवारची वाट न पाहता फिलिपाला फोन लावला, आणि त्याच आनंदात नको ते बोलून गेली. हॅटी दुपारची कशी झोपते, असं फिलिपाने विचारताच ती म्हणाली, "छान! दोन तास. आपली आपण."

"मग बुधवारी मी तुमच्याच बाजूला आहे," फिलिपा म्हणाली. "बाराला येते. बघू तरी."

खरी गोष्ट अशी होती, की हॅटी आपली आपण कधीच झोपत नसे. निदान मेरिनची तशी खात्री होती. रोज बाराला ती हॅटीला बग्गीतल्या तिच्या खुर्चीत बांधायची, आणि कुंपणाच्या कडेकडेने, मेंढ्यांच्या मागून, गोगलगाईच्या चालीने तळ्यापर्यंत जायची. त्या संथ घरघरीत पोरगी झोपायची. तळ्यापाशी इंजिन चालू ठेवून तासभर थांबायचं आणि तसंच हळूहळू परतायचं.

त्या दुपारी बग्गीने गोगलगाय व्हायला साफ नकार दिला. पाय हलका ठेवला की ती उभीच राहायची. किंचित दाबला की किंचाळून उडी मारायची. पहिल्या उडीला मेंढ्या पांगल्या. दुसऱ्या उडीला मागच्या फळीवरचा कुत्रा आपणहून उतरला आणि ओळख नसल्यासारखा बाजूने चालू लागला. हॅटी मात्र टाळ्या पिटत होती. मंगळवारीही तेच. बुधवार उद्यावर आला.

मेरिन जुनी स्प्रिंग आणायला गोठ्यात धावली. फळी रिकामी होती.

"ती होय," डूगल रात्रीचं जेवताना म्हणाला. "ती मी ट्रॅक्टरच्या सीटखाली घातली. काय सांगू, तीन वर्षांत पहिल्यांदा कंबर दुखली नाही. तू त्या क्लचला हात लावलास ते फार चांगलं केलंस."

लग्नानंतर डूगलने तिच्या कुठल्याही कामाची एवढी स्तुती केली नव्हती. आता ती स्प्रिंग मागायची कोणत्या तोंडाने? मेरिन बटाटे संपवत राहिली.

बुधवारी ठीक बाराला फिलिपा आली. मेरिनने चहा दिला, केक दिला, हवामानावर बोलून घेतलं. मग बोलण्यासारखं काही उरेना, तेव्हा खाली मान घालून तिने सगळं सांगून टाकलं: बग्गी, तळं, स्प्रिंग आणि उड्या.

फिलिपाने हॅटीला उचललं, पाळण्यात ठेवलं, पडदा ओढला आणि बाहेर आली. डूगलही जेवायला घरी आला होता; तिघंही स्वयंपाकघरात कान देऊन उभी राहिली. चार मिनिटांनी आतून आवाजच येईना. मेरिनने दाराच्या फटीतून दोनदा पाहिलं. पोर गाढ झोपली होती.

"पण मग आठ महिने..." मेरिन म्हणाली.

डूगलने कपात बघत घसा साफ केला. "मी वरच्या कुरणातून बघायचो ना रोज. तळ्यावर गाडी थांबली, की हॅटी बदकं बघत बसायची. घोरायची तू."

फिलिपाने हसू दाबलं. मग बाळाच्या तपासणीच्या नोंदींची निळी वही उघडली आणि बराच वेळ लिहीत बसली. ती गेल्यावर मेरिनने घाईघाईने ते पान उघडलं.

'बाळ: झोप उत्तम,' असं लिहिलं होतं. 'आई: जुनी स्प्रिंग परत बसवावी.'

डूगलने ते वाचलं, सुस्कारा सोडला, आणि पाना घेऊन ट्रॅक्टरकडे गेला.