फेस बसू देण्याची हकीकत

दूध देणारी आणि वीज देणारी, दोघी माउल्या प्रसन्न असोत. शके १९४५ शोभननाम संवत्सर, माघ शुद्ध षष्ठीस, सकाळी दहाचे सुमारास इस्पितळातून वर्तमान आले की, आमचे कुटुंब कालिंदीबाई कैलासवासी जाहल्या. ते समयी आम्ही ताकाच्या कोठीत यंत्रापाशी उभे होतो. राज्यात, म्हणजे आमच्या डेअरीत, रीत अशी की, कोणी मोठे माणूस गेले म्हणजे काम थांबवावे. परंतु ते वर्तमान सरकारापर्यंत पोहोचेतो यंत्राने आणखी अडीचशे बाटल्या भरिल्या, कारण यंत्रास चालविणारे लिखाण बाईंचेच होते आणि ते थांबण्याचे कोणी त्यात लिहिले नव्हते.

त्या राज्याचे धनी दाजीसाहेब सरकार. आम्ही यंत्राचे नाईक. बाईंनी नऊ वर्षे खपून लिखाण केले होते. ते माणसाच्या रीतीने लिहिलेले, यंत्रास कळावयाचे नाही, म्हणोन मध्ये कंपायलर नामे दुभाष्या असे. तो यंत्राच्या बोलीत उतरवी. त्यास हुकूम चार प्रकारचे देता येत. शून्याचा हुकूम म्हणजे जैसे लिहिले तैसे उतरव. एकाचा म्हणजे थोडे आवर. दोनाचा म्हणजे पुष्कळ आवर. आणि तिनाचा म्हणजे वाटेल ते कर, पण वेग आण. बाईंनी जन्मभर शून्याचाच हुकूम ठेविला. आम्ही कारण पुशिले तेव्हा म्हणाल्या, "नव्या सुनेला पहिल्याच दिवशी माळा आवरायला सांगू नये. काय फेकून देईल सांगता येत नाही."

मग क्रोधीनाम संवत्सर लागले, चैत्राची जत्रा जवळ आली आणि शेजारच्या राज्यात मिनिटास पन्नास बाटल्या निघतात असे सरकारांचे कानी गेले. आमच्या निघत बत्तीस. सरकार बोलिले, "नाईक, वाईट वाटून घेऊ नका. पण बाईंचे लिखाण जुने झाले. ते पुसून शहरातून नवे आणवतो." आम्ही आठ दिवस मागितले. सरकार भला माणूस, म्हणाले, "आठ दिवस घ्या. पन्नास झाल्या तर बाईंच्या एका अक्षराला हात लावणार नाही. नाहीतर पुसले."

मग आम्ही इक्बाल तांबोळी यांस बोलाविले. हे गृहस्थ चार राज्यांची यंत्रे सांभाळीत आणि तोंडात सुपारी धरून बोलत. त्यांणी लॅपटॉप उघडिला, लिखाण पाहिले आणि म्हणाले, "मामा, मामींच्या लिखाणाला हातच लावायचा नाही. दुभाष्याचा हुकूम बदलू. तिनाचा देतो." आम्ही सुनेची आणि माळ्याची गोष्ट सांगितली. ते हसले, "माळा साफ तर होईल!" आणि झाला. दर बाटलीस ताकाची पातळी पाहण्याचे जे गणित यंत्र नव्याने मांडी, त्यातले न बदलणारे भाग दुभाष्याने एकदाच करून ठेविले, आणि जे विचारावयास यंत्र दहा दारी फिरे, ते जागच्या जागी लिहून दिले. बाटल्या एकसष्ट निघाल्या. सरकारांनी पेढे आणविले आणि स्वतः यंत्रापाशी येऊन उभे राहिले.

ते उभे राहणे महागात पडले. बाटलीवर झाकण बसले आणि फेस झाकणासकट वर उडाला. एक बाटली सरकारांच्या टोपीवर, दुसरी चष्म्यावर, तिसरी पेढ्यांच्या पुड्यात. ज्या उडाल्या नाहीत त्यांचा फेस बसला तो बाटली पाऊण भरलेली. सरकार चष्मा पुशीत बोलिले, "नाईक, हे ताक आहे की तोफखाना?" इक्बालजी सुपारी गिळून बसले.

मग दोन दिवस शोध केला आणि चोरी सापडली. बाईंनी भरणे व झाकणे यांचे मध्ये एक ओळ लिहिली होती की, एकपासून चाळीस हजारांपर्यंत मोज आणि काही करू नकोस. दुभाष्याने पाहिले की या मोजण्यातून काहीच निघत नाही, म्हणोन अडगळ समजून काढून टाकिली. शेजारी बाईंची टीप होती, "फेस बसू दे." आम्ही म्हटले, "अहो, इतके स्वच्छ लिहिले आहे की!" इक्बालजी म्हणाले, "मामा, टीप दुभाष्या वाचत नाही. ती माणसांसाठी असते." तेव्हा आम्हास आठवले की, घरीही ताक घुसळून रवी बाजूला ठेविली म्हणजे बाई ओठ हलवीत उभ्या राहत आणि आम्ही वाडगा पुढे केला तर म्हणत, "थांबा हो, मोजतेय."

मग इक्बालजींनी त्या ओळीपुरता शून्याचा हुकूम लिहिला. बाकी लिखाणास तीन ठेवावे तर ते इतके फुगे की यंत्राच्या पोटात जेमतेम मावे, आणि वेगही दोनापेक्षा नावालाच जास्त. म्हणोन दोनाचा हुकूम केला. चोपन्न बाटल्या निघाल्या, पुऱ्या भरून. सरकार या खेपेस सहा पावले लांब उभे होते. तेथूनच ओरडले, "राहू द्या बाईंचे लिखाण! आणि टोपी धुऊन द्या!"

निघते वेळी इक्बालजी म्हणाले, "मामा, अशीच आणखी एक रिकामी मोजणी अगदी सुरुवातीला आहे. बटण दाबल्यावर यंत्र अकरा सेकंद नुसते उभे राहते. टीप आहे, 'का, ते ह्यांना सांगायचे.' सांगितले का?" आम्ही म्हटले, "नाही." ते म्हणाले, "काढून चालेल बहुधा. जाऊ द्यायची?" आम्ही म्हटले, "तिलाही शून्याचा हुकूम द्या." त्यांणी दिला.

तात्पर्य, हुकूम वाढवावा, लाभ खरा आहे. परंतु एकेक पायरी वाढवावा, प्रत्येक पायरीस बाटली हाती घेऊन पाहावी, आणि रिकामे दिसते ते रिकामेच आहे असे धरू नये. जत्रा पार पडली, ताक पुरले. यंत्र रोज सकाळी अकरा सेकंद उभे राहते आणि आम्ही त्याच्यासोबत उभे राहतो. ते का, हे कळावयाचे राहिले आहे.