चाळिसाव्या प्रकरणाच्या पूर्वसूचना

अकरा वर्षांपूर्वी एका मंगळवारी 'खडकावरचा दिवा' ही मालिका बंद पडली. बंद पडली म्हणजे संपली नाही. दोनशे बाराव्या भागात होडीने टपाल वाटणारी बाई वादळातून दीपगृहापर्यंत पोचली, तिने दार ठोठावलं, आतल्या रखवालदाराचा हात कडीवर गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला भाज्या चिरायच्या यंत्राची माहिती देणारा कार्यक्रम लागू लागला. रखवालदाराचा हात तेव्हापासून कडीवरच आहे.

जगाने हे पचवलं. तीनशे चाळीस माणसांना मात्र ते पचलं नाही, आणि त्यांनी 'खडकावरची मंडळी' नावाचा ब्लॉग काढला. मालिकेतले फोटो, रखवालदाराचा स्वेटर राखाडी की निळा यावरचे वाद आणि सभासदांनी स्वतः रचलेल्या पुढच्या कथा असं सगळं तिथे येत असे. खरं नाव सांगायची पद्धत नव्हती. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणारी एक बाई तिथे 'चौथी ओळ' या नावाने लिहायची. दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यावर चौथ्या ओळीपाशी बहुतेक गिऱ्हाइकं अंदाजाने वाचायला लागतात, म्हणून हे नाव.

चौथी ओळने अशाच एका पुढच्या कथेची एकोणचाळीस प्रकरणं लिहिली होती. चाळिसाव्यात ती त्या दाराचा काय तो निकाल लावणार होती. मंडळींना घाई नव्हती. घाई होती ती तिच्या मावशीला.

मावशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, भाचीकडेच राहणारी, आणि ब्लॉगवर 'लोकरीचा गुंडा' या नावाने सभासद क्रमांक तीन. मालिका दोघींनी एकाच सोफ्यावर बसून पाहिली होती. अलीकडे मावशीच्या डोळ्यांचा पडदा विरत चालला होता. यावर इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाची तिला बंद दुकानात नेऊन तक्त्यासमोर बसवायची. वर्षाच्या सुरुवातीला मावशी सहा ओळी वाचत होती, आता चार. मावशी अंदाजाने कधीच वाचत नसे, त्यामुळे आकडा चुकायचीही सोय नव्हती.

"शेवट कधी टाकतेस?" मावशीने त्या रविवारी विचारलं.

"लिहून झालाय गं. तपासतेय. आणि अगदीच झालं तर मी वाचून दाखवीन ना."

"तू वाचलंस की तो रखवालदार तुझ्यासारखा बोलतो. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी बोलावं तसा."

"मग मोठ्या अक्षरात कागदावर काढून देते."

"सगळ्यांच्या आधी? अकरा वर्षं सगळ्यांबरोबर ताटकळले, आता मागच्या दाराने शिरू होय? तू ब्लॉगवर टाक. फक्त तिसरी ओळ जायच्या आत टाक."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोळ झाला तो मांजरामुळे.

एकतिसाव्या प्रकरणात रखवालदाराचं म्हातारं मांजर मरतं. ते वाचून मावशीने ब्लॉगवर एका ओळीचा अभिप्राय लिहिला होता: 'मांजर जाणार हे आधी कळलं असतं तर चहा टाकून बसले असते.' यात तक्रार नव्हती. पण ब्लॉगचा व्यवस्थापक 'सुकाणू' हा पोटापाण्यासाठी इमारतींमधल्या लिफ्ट तपासून त्या सुरक्षित असल्याचे दाखले देत असे, आणि अपघात झाल्यावर चहाची आठवण येणं ही व्यवस्थेतली त्रुटी आहे, हे त्याने लगेच ओळखलं. त्याने ब्लॉगच्या सूचनाफलकावर लिहिलं: 'सभासदांना वाचनापूर्वी चहाची पूर्वतयारी करता यावी, ही लेखकाची जबाबदारी आहे. यापुढे प्रत्येक प्रकरणाआधी पूर्वसूचना अनिवार्य राहील.' याला दोनशे ऐंशी जणांनी पसंतीचा बदाम दिला. मावशीनेही दिला, कारण तिचं म्हणणं इतक्या गांभीर्याने आजवर कोणीच घेतलं नव्हतं.

पुढच्या प्रकरणाला चौथी ओळने सूचना लावली, 'या प्रकरणात कोणतेही मांजर मरत नाही.' तीन सभासदांना त्यामुळे मेलेल्या मांजराची आठवण झाली. मग सूचना तपासायला पाच जणांची पूर्वसूचना समिती नेमली गेली. समितीवर प्रश्न विचारणाऱ्यांसाठी दुसरी समिती नेमली गेली, आणि प्रश्न विचारणारे सगळे तिच्यात सामावून घेतल्याने प्रश्न विचारायला बाहेर कोणी उरलं नाही.

चाळिसाव्या प्रकरणाला तिने तीन सूचना लावून समितीकडे पाठवल्या: वादळ, ओले कपडे, शेवट. आठ दिवसांनी उत्तर आलं.

'आपली सूचना क्रमांक तीन संदिग्ध आहे. शेवट सुखाचा असल्यास रडण्याच्या तयारीने आलेल्या सभासदांचा हिरमोड होईल, दुःखाचा असल्यास उर्वरितांचा. कृपया स्पष्ट करावे.'

तिने एका वाक्यात स्पष्ट केलं. त्यावर उत्तर यायला दहा दिवस लागले.

'आपण समितीसमोर शेवट उघड केला आहे. याबाबत आपला खुलासा मागवण्यात येत आहे. समितीच्या पाचही सदस्यांना आता प्रकरण वाचण्याचा आनंद घेता येणार नाही, त्यामुळे ते वाचणार नाहीत.'

तेवढ्यात पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. मावशीने तीन ओळी वाचल्या आणि चौथ्या ओळीपाशी थांबून हात मांडीवर ठेवले.

चौथी ओळने सरळ सुकाणूला फोन लावला.

"ओळताई, माझा वैयक्तिक विरोध अजिबात नाही," सुकाणू म्हणाला. "मी तर प्रकरण वाचलंसुद्धा नाही."

"मग त्यात धोका आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"न वाचल्यामुळेच. वाचलं असतं तर मी भावनेच्या भरात होकार देऊन बसलो असतो."

"माझी एक वाचक आहे हो. तिचे डोळे चाललेत. उशीर झाला तर तिला वाचताच येणार नाही."

सुकाणू मनाने वाईट नव्हता.

"ऐकून वाईट वाटलं," तो म्हणाला. "प्रकरणात डोळ्यांचा उल्लेख कुठे येतो का, बघून घ्या. येत असेल तर तेवढी एक सूचना वाढवावी लागेल."

डोळ्यांचा उल्लेख सात ठिकाणी होता.

असं करत करत एकशे सात सूचना झाल्या. प्रकरण बारा पानांचं होतं, सूचना एकोणीस पानांच्या. बाराव्या सूचनेत म्हटलं होतं की या प्रकरणात एक व्यक्ती दुसरीची वाट पाहते. तेराव्या सूचनेनुसार, जिची वाट पाहिली जाते तिला ते ठाऊक नसते. अठ्ठावन्नावी सूचना अशी की स्वेटरचा रंग दिलेला नाही, दोन्ही गटांनी शांतता राखावी. एक्याण्णवावी म्हणत होती की प्रकरणात दार आहे. ते कोणत्या स्थितीत आहे हे सांगणे रसभंग ठरेल व न सांगणे अन्याय ठरेल, सबब सूचना क्रमांक ब्याण्णव पाहावी. ब्याण्णवावी सूचना एक्याण्णवावी पाहण्याबद्दल होती.

प्रत्येक सूचनेखाली 'वाचले' असं एक बटण होतं. ते दाबल्याशिवाय पुढची सूचना दिसत नसे, आणि एकशे सातही दाबल्याशिवाय प्रकरण उघडत नसे.

शेवटी मंजुरी आली. सोबत दोन अटी होत्या. फाइलच्या नावातून आशय फुटू नये म्हणून तिचं नाव फक्त 'अंतिम' असावं, आणि मंजुरीनंतर फाइल पुन्हा उघडल्यास मंजुरी रद्द समजावी. चौथी ओळने दोन्ही अटी पाळल्या. एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत, दुकानाच्या कॉम्प्युटरवरून, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात माउस धरून तिने 'अंतिम' नावाची फाइल न उघडता ब्लॉगवर चढवली.

पहिला बदाम अकराव्या सेकंदाला आला. चार मिनिटांत दोनशे झाले. 'रडले.' 'शब्दच नाहीत.' 'असा शेवट होणे नाही, सवडीने वाचेन.' चौथी ओळचा घास हातातच राहिला. अकरा वर्षांचं चीज झालं, असं तिला मनापासून वाटलं, आणि दुपारी तिने दोन गिऱ्हाइकांना उजव्याचा नंबर डाव्याला लिहून दिला.

घरी मावशी फोन घेऊन बसली होती. अक्षरं इतकी मोठी केली होती की पडद्यावर एका वेळी तीनच शब्द मावत होते.

"कितव्या सूचनेवर आहेस?"

"चौथ्या."

"अगं, दाबत जा नुसती. सगळे तेच करतात."

"बटणावर 'वाचले' लिहिलंय," मावशी म्हणाली. "न वाचता कशी दाबू?"

मावशीने एकशे सात सूचना वाचल्या. रोज सकाळी सात-आठ वाचायची, मग डोळ्यांवर ओलं कापड ठेवून पडायची. मध्येच महिन्याचा रविवार येऊन गेला. तिसरी ओळ गेली होती, आणि दुसरीतलं मधलं अक्षर तिला टेबलासारखं दिसत होतं. एक्याण्णव आणि ब्याण्णव या सूचनांमध्ये ती अख्खा एक दिवस ये-जा करत होती. पंधराव्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने एकशे सातवं बटण दाबलं आणि फोन नाकाला लावला. भाची समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

बराच वेळ गेला.

"हा असा का वागतोय?" मावशीने विचारलं.

"कोण?"

"रखवालदार. ती बाहेर भिजतेय, आणि हा म्हणतो, 'कोमट पाणी घ्यावे. मऊ सुती कापडाने काच हलक्या हाताने डावीकडून उजवीकडे पुसावी.' दिव्याची काच पुसतोय का? आधी दार उघड म्हणावं."

भाचीने फोन हातात घेतला. दुकानाच्या मालकांनी छापायला काढून ठेवलेलं चष्म्याची निगा कशी राखावी याचं पत्रक तिच्यासमोर होतं. त्याच कॉम्प्युटरवर त्यांनीही त्या फाइलला 'अंतिम' हेच नाव दिलं होतं. खाली तीनशे अठरा बदाम होते. फक्त 'ओली काडी' नावाच्या सभासदाने पत्रकाच्या तळापर्यंत जाऊन लिहिलं होतं: '"कोरड्या जागी ठेवावे." समुद्रावरच्या कथेचं हे शेवटचं वाक्य! लेखणीला नमस्कार.'

तिने त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज केला. समितीचं उत्तर प्रथमच चोवीस तासांत आलं.

'प्रकाशित मजकुराशी तीनशे अठरा सभासदांचे भावनिक नाते जुळले असल्याने तो बदलता येणार नाही. बदललेला मजकूर नवा धरला जाईल व त्यास नव्याने पूर्वसूचना लागतील. ता. क.: आपल्या प्रकरणास वर्षातील सर्वोत्कृष्ट शेवटाचा मान देण्यात येत आहे. त्यात एकही धोकादायक जागा आढळली नाही. अभिनंदन.'

चौथी ओळने ते उत्तर दोनदा वाचलं आणि तिला रडू आलं. एकशे सातमध्ये याची सूचना कुठेच नव्हती. मग तिने खरं चाळिसावं प्रकरण दुकानातल्या सगळ्यात मोठ्या अक्षरात छापून आणलं. मावशीने पहिलं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, खिडकीकडे फिरवलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"तूच वाच," ती म्हणाली.

"नळवाल्याशी बोलते तशीच वाचणार मी."

"वाच. दारापासून सुरू कर." मग ती उठली. "थांब, आधी चहा टाकते."

"मावशी, पुढे काय होतं ते आधी सांगू का थोडं?"

"नको," मावशी म्हणाली.

वाचायला पस्तीस मिनिटं लागली. मावशीचा चहा तसाच राहिला. शेवटचं वाक्य झाल्यावर तिने ते पुन्हा वाचायला सांगितलं, आणि नंतर बराच वेळ भाचीचा हात हातात धरून बसली. रखवालदार अगदी रखवालदारासारखाच बोलला, असं तिने झोपताना सांगितलं.

चाळिसावं प्रकरण आजवर एवढ्या एकाच वाचकापर्यंत पोचलं आहे. ब्लॉगवर चष्मा पुसण्याच्या पत्रकाला चारशेच्या वर बदाम झाले असून नवे सभासद ते वाचून रडतात.

दार उघडलं की नाही, हे इथे सांगायला काहीच हरकत नव्हती. मात्र सूचना वाचल्याची खात्री झाल्याशिवाय ते सांगू नये, असा नियम आहे. वर एकशे सातपैकी जेमतेम पाच सूचना दिल्या आहेत. त्यातली तेरावी काय होती, हे मागे न पाहता सांगू शकणाऱ्या वाचकाला चौथी ओळ ते प्रकरण आनंदाने पाठवील. बाकीच्यांनी, रिवाजाप्रमाणे, 'वाचले' दाबून पुढे जावं.