धर्माजीचा डावा खांदा

धर्माजीच्या मानेवर देवी बसली, ही बातमी थळच्या कोळीवाड्यात सगळ्यांत शेवटी कळली ती त्याच्या बायकोला. बायजा अलिबागच्या बाजारात मासळी विकून घरी आली, तर ओटीवर ही गर्दी! मधोमध पाटावर तिचा नवरा, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात नारळांची रास. आणि गावचा भगत अंबाजी त्याच्या मानेला हळद फासत होता.

बायजानं डोक्यावरची पाटी दाणकन खाली टाकली. "काय झाला? कोन मेला?"

"गप गं!" अंबाजी ओरडला. "नशीब उघडलंय तुझं. हा बघ घट्टा!"

मानेच्या मुळाशी, डाव्या अंगाला, लिंबाएवढी गाठ होती. शिमग्यात ती सुपारीएवढी होती, हे बायजाला पक्कं ठाऊक होतं. पण वाड्याचं शास्त्र निराळं. चैत्रात गावदेवीची पालखी निघते, रात्रभर नाचते आणि वर्षानुवर्षं ती वाहून खांदेकऱ्यांच्या खांद्यांना घट्टे पडतात. ज्याचा घट्टा मोठा, त्याच्यावर देवीचा लोभ मोठा. आता धर्माजीएवढा घट्टा साऱ्या वाड्यात कुणाचा नव्हता, तेव्हा प्रश्नच मिटला!

"रातचा घाम फुटतो?" अंबाजीनं विचारलं.

"फुटतो म्हंजे? गोधडी पिळावी लागते," धर्माजी ऐटीत म्हणाला.

"देवी येते रातची. भूक?"

"दोन घास जात न्हाय. अंगाचा पार काटा झालाय."

"तुझ्या वाटचा ती जेवते! आन् अंग खाजतं?"

"लय!"

"जागा करते तुला. बरोबर हाय!"

सगळ्या ओटीनं हात जोडले. जन्मभर होडीच्या मागच्या टोकाला बसलेला धर्माजी, ज्याला घरची मांजर विचारत नव्हती, तो एका दुपारीत देवाचा माणूस झाला. स्वारी अशी खुलली होती की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी बाजारात अलिबागचे डॉक्टर नेहमीसारखे पापलेट चाचपत उभे होते. बायजानं सहज, जरा मिरवतच, गाठीची गोष्ट काढली. डॉक्टर ऐकता ऐकता थांबले.

"दुखते का गाठ?"

"जरा बी न्हाय! तोच तं बरा हाय ना?"

"तेच वाईट आहे, बाई. दुखणाऱ्या गाठीला मी एवढा भ्यालो नसतो. घाम, उतरलेलं अंग, आणि महिन्यात सुपारीचं लिंबू? कॅन्सर असू शकतो, आणि तोसुद्धा फार घाईचा. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. पालखी होऊ दे मग बघू, असं करू नका!"

त्यांनी पापलेट परत पाटीत ठेवलं आणि तसेच दवाखान्याकडे निघाले. घासाघीस न करता माघारी जाणारे डॉक्टर बायजानं कधी पाहिले नव्हते.

घरी येऊन तिनं आधी नवऱ्याचा सदरा उतरवला. उजव्या खांद्यावर खराखुरा घट्टा, टाचेसारखा कडक. डाव्या खांद्यावर काही म्हणजे काही नाही, आणि गाठ मात्र डावीकडे!

"अवो, आपल्या घराचा मान उजव्या खांद्याचा! मामंजींनी उजव्यावर घेतली, तुमी उजव्यावर घेता. मंग देवी डावीकडं कशी बसंल?"

धर्माजी गडबडला. अंबाजीला बोलावणं गेलं. अंबाजी क्षणभर घुटमळला, पण भगतच तो! "देवी बसते उजवीकडं," तो म्हणाला, "आन् पाय सोडते डावीकडं."

लोकांनी माना डोलावल्या. काय बोलणार यावर, कपाळ!

"तुमी ममईला चला," बायजा नवऱ्याच्या हातापाया पडली.

"पालखी तोंडावर आली! पयला नारळ माझा हाय औंदा. सोडू?"

"जीव जाईल!"

"दुखत न्हाय, काय न्हाय, जीव कसा जातो?"

संध्याकाळी आरतीला देवळात सारा वाडा जमला होता. ढोल तापला होता. बायजा खांबाला टेकून नवऱ्याची ती मान बघत होती, आणि एकाएकी तिनं अंबाडा सोडला, केस मोकळे केले आणि अशी किंकाळी फोडली की ढोलवाल्याच्या हातची टिपरी निसटली.

"देवी आली! बायजाच्या अंगात आली!"

"मना ममईला न्या!" बायजा घुमू लागली. "सकालची रेवसची लाँच चुकली तं एक होडी माघारी येनार न्हाय!"

"आई, कशासाठी?" अंबाजी हात जोडून पुढे झाला.

"धर्माजीच्या मानंवरनं मोठ्या दवाखान्यात उतरीन! डॉक्टर बोलंल तसा करा! आन् अंबाज्या, मधी बोललास तं तुझी जीभ झडंल!" मग ती धर्माजीकडे वळली. "अवो, उठा! कापडं भरा!"

अंबाजीनं तोंडावर हात ठेवला तो ठेवलाच. धर्माजी मात्र बायकोकडे टक लावून बघत राहिला. मग मुकाट्यानं उठला.

सकाळी साऱ्या वाड्यानं ढोल बडवत धर्माजीला रेवसला नेलं. निम्मा वाडा लाँचमध्येही चढला. भाऊच्या धक्क्यावर नाचला, हॉस्पिटलाच्या दारात नाचला, आणि अखेर पहारेकऱ्यानं ढोल काढून घेतला तेव्हा कुठे थांबला. डॉक्टरांनी गाठ तपासली आणि माळ काढायला लावली. अलिबागचे डॉक्टर म्हणाले होते तेच निघालं. बायजा बाकावर बसून रडली, सगळ्यांदेखत, मोठ्यानं. देवीला रडताना बघून वाडाही रडला.

यंत्राखाली किरणांचा शेक सुरू झाला. मानेची कातडी काळी पडली, पण गाठ मिठासारखी विरघळली. "परत येऊ शकते," डॉक्टरांनी बजावलं. "दर महिन्याला दाखवायचं. आणि हा लागट रोग नाही, एका ताटात जेवा."

गावात आल्यावर निराळाच घोळ! गाठ गेली म्हणून धर्माजीचा मान गेला, आणि देवी बायजाच्या अंगात येते म्हणून लोक तिच्या ओटीवर. जाळं कुठं टाकू, पोरगी कुठं देऊ, सगळं तिलाच. बायजानं प्रत्येकाला एकच उत्तर दिलं: "आधी मान दाखव!" पुढे पुढे तर लोक ओटी चढतानाच मान वाकडी करून चढू लागले. सगळ्यांत आधी अंबाजी.

वर्ष फिरलं. पालखीच्या दिवशी बायजा सकाळी नवऱ्याच्या मानेवरून नेहमीसारखी बोटं फिरवत होती. रोज फिरवायची, आणि रोज श्वास धरून.

"न्हाय," ती म्हणाली आणि श्वास सोडला. मग हळूच, "एक सांगू? तवा देवी आली नव्हती. मी सोंग केला."

"ठाव हाय."

"कवापासून?"

"तवापासून. देवी मना 'अवो' कशाला बोलंल?"

बायजाचा हात तिथंच थांबला. "मंग आलात कशाला?"

धर्माजीनं सदरा घातला आणि उजवा खांदा झटकला. बाहेर ढोल सुरू झाला होता.

"देवीला 'न्हाय' बोललो असतो, बायजे," तो म्हणाला. "तुला परत कसा बोलू?"