अप्पांची चादर आणि माझी होडी

आमच्या घरात एक नियम आहे: अप्पांनी दुरुस्त केलेल्या वस्तूबद्दल ‘का’ विचारायचं नाही. अप्पा म्हणजे माझे थोरले काका, चनमल्लप्पा. नवी पेठेत त्यांचं चादरींचं दुकान आहे, त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांनी दुरुस्त केलेला मिक्सर पंख्याचं बटण दाबल्यावर चालतो. आम्ही पंखा लावून चटणी वाटतो. का, ते विचारत नाही.

एवढं माहीत असून मी माझी फायबरची होडी घरी आणली. (कॅनो म्हणतात तिला, पण घरात ते सांगून थकले.) हिप्परगा तलावात खडकाला घासून तिच्या बुडाला तळहाताएवढं भगदाड पडलं होतं. आणि रविवारी राज्याच्या संघाची निवड चाचणी. एवढी वर्षं पहाटे उठून वल्हं मारलं ते याच दिवसासाठी. मी भगदाड बुजवायचं रेझिन, ते घट्ट करणारा हार्डनर, काचेच्या धाग्यांचं कापड असं सगळं आणून अंगणात ठेवलं आणि पेपर द्यायला कॉलेजला गेले. शिकलेली माणसं अशा चुका करतात.

परत आले तर होडी बरी झाली होती. बुडावर लाल-हिरवी सोलापुरी चादर, चादरीवर मोर, मोरावर हळद-कुंकू.

“अप्पा, हे काय?”

“तुझं ते कापड लई विरळ हाय. आरपार दिसतंय,” अप्पा म्हणाले. “आपल्याकडं कापडाला कमी हाय का? चांगली जाड चादर लावली. होडी फाटंल, चादर न्हाय फाटायची.”

कापड विरळ असतं म्हणूनच रेझिन आतपर्यंत मुरतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. बाबांनी डोळे मोठे केले. नियम. लवकर वाळावं म्हणून अप्पांनी हार्डनरची अख्खी बाटली ओतली होती. रेझिन कालवलेल्या मगातून धूर निघाला तेव्हा काम चांगलं होतंय असं सगळ्यांचं एकमत झालं म्हणे.

शुक्रवारी तलावावर नेली. चादर पाणी प्यायला लागली आणि होडी डावीकडे वळायला लागली. मी उजवीकडे वळवायला गेले, ती डावीकडेच वळली. एका बुडालेल्या बाभळीभोवती माझ्या इतक्या प्रदक्षिणा झाल्या, की कोचने काठावरून विचारलं, “नवस बोललीस का?”

शनिवारी मी नियम मोडला. ग्राइंडर आणून मोर सोलून काढला. अप्पा पायरीवर बसून, घरातलं कुणी गेल्यासारखे बघत होते. मी दुकानातल्या दोन लाकडी स्टुलांवर होडी पालथी टाकली, कडा घासल्या, नवं रेझिन कालवलं, हार्डनर थेंबाथेंबाने मोजला आणि त्या विरळ कापडाचं ठिगळ लावलं.

अप्पांची बायको महानंदाकाकू एकदाच बोलली, “भुवी, खाली प्लास्टिक घाल की. स्टुलावर गळतंय बघ.”

“काकू, मी व्हिडिओ बघितलाय.”

(व्हिडिओत प्लास्टिक होतं. तो भाग मी पुढे पळवला होता.)

रविवारी सकाळी ठिगळावर टिचकी मारली. टणक. तेवढ्यात अप्पा म्हणाले, “ऐक माझं. फोन कर, ताप आलाय म्हण. पोरीच्या जातीला पाण्याचा काय भरोसा? पुढच्या वर्षी डबल चादर लावून देतो.” बाबांनी मान डोलावली. त्यांची मान त्याच कामासाठी आहे.

“नाही,” मी म्हणाले. “मी जाणार. आजच जाणार, आणि माझ्याच ठिगळावर जाणार. आणि अप्पा, यापुढे या होडीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.”

आमच्या घरात अशी शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिचा पुरेपूर आस्वाद घेतला आणि होडी डोक्यावर उचलली.

दोन्ही स्टुलंही आली. कडेला घट्ट चिकटून, टणक.

अप्पा सवयीने उठले, करवतीकडे वळले, मग काहीतरी आठवून पुन्हा पायरीवर बसले. हात लावायचा नव्हता ना.

मी ताठ मानेने निघाले. फाटकात स्टूल अडकलं. मागून कुणी अवाक्षर काढलं नाही.

का, ते मी विचारलं नाही.