गुडघ्यापर्यंतचं पाणी

"यापुढे पाण्याची खोली मोजायला माणसाला ओढ्यात पाय घालावा लागणार नाही!" काठावरून संशोधकाने जाहीर केले. वाक्य युगप्रवर्तक होते. ते उच्चारताना तो एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाचा ओला मोजा पिळत होता, एवढेच.

समोर खात्याचे साहेब होते. उतार, रुंदी आणि पाऊस सांगितला की कुठल्याही ओढ्याची खोली आणि वेग सांगणारे त्याचे संख्याशास्त्रीय मॉडेल आज त्यांना पटले, तर नोकरीला मुदतवाढ. नाहीतर सोमवारपासून घरी. भुरभुर चालू होती म्हणून बायको लॅपटॉपवर छत्री धरून उभी होती. नवऱ्यावर धरण्याइतकी छत्री मोठी नव्हती.

साहेबांनी झाडाखालच्या वळणाकडे बोट दाखवले. "तिथलं सांगा."

लॅपटॉप थोडा घुटमळला. संशोधकाने आकडा वाचला. "गुडघ्याच्या खाली, साहेब. वेगही बेताचाच."

"अहो, तिथलं पाणी काळं दिसतंय," बायको हळूच म्हणाली.

"रंग समीकरणात नाही."

"मग घाला की!"

साहेब पडताळा घेतल्याशिवाय सही न करणारे. गमबूट चढवून, मोजपट्टी घेऊन ते स्वतः उतरले. पहिले पाऊल घोट्याएवढे, दुसरे पोटरीएवढे. मॉडेलची शान राहिली. तिसऱ्या पावलाला साहेब छातीपर्यंत गेले आणि त्यांची टोपी प्रवाहाबरोबर संथपणे निघाली.

"वेग बरोब्बर आला!" संशोधक ओरडला.

"आणि खोली?" गमबुटांत पाणी भरल्याने साहेबांना हलता येईना. "मॉडेलसाठी मापं घेतलीत तरी कुठे?"

"गुडघ्यापर्यंत पाणी होतं तिथे, साहेब. सगळीच."

"का?"

संशोधकाने बायकोकडे पाहिले. "पॅन्ट भिजली तर हिने घरात घेणार नाही म्हणून सांगितलंय."

"मग? चिखल काढायला मॉडेल येणार आहे का?" ती म्हणाली.

"म्हणजे खोल पाण्याचं एकही माप नाही?" साहेब पाण्यातून ओरडले.

"नाही ना. त्यामुळे मॉडेलला वाटतं, जगात पाणी गुडघ्याच्या वर जातच नाही. ते सुधारायचं म्हणजे अजून एक वर्ष तरी..."

"दिलं! वर्ष दिलं! आधी हात द्या!"

संशोधकाने पॅन्ट वर दुमडली, हात पुढे केला आणि मध्येच थांबला.

"साहेब, आता आहातच तिथे, तर जरा ताठ उभे राहता का? पट्टी तुमच्याच हातात आहे. तेवढा आकडा वाचून सांगा."