लोकार्पणापूर्वी स्टँड लावू नये

धोंडमाळवाडी हे राजुरीच्या पुढे, हायवेपासून आत असलेलं बागायती गाव. तिथल्या गोकुळनं आपल्या जुन्या मोटारगाडीचं इंजिन ऑइल घरच्या घरी बदलायचं ठरवलं. आळेफाट्याचा गॅरेजवाला रोज 'उद्या या' म्हणत होता आणि मोबाइलमधला एक माणूस हेच काम शीळ घालत करून दाखवत होता. त्या माणसाचं अंगण सिमेंटचं होतं. गोकुळच्या अंगणात आदल्या दिवशी उसाला सोडलेलं पाणी फुटून शिरलं होतं. गाडीसोबत मिळालेला छोटा जॅक मातीत रुतला, कलला, गाडी घसरली आणि गोकुळचा डावा पाय खाली सापडला. अंगठ्याचं हाड मोडलं. उरलेला गोकुळ त्या वेळी गाडीबाहेर होता, हा निव्वळ योगायोग.

प्लास्टर घालून घरी येताना त्याच्या बायकोनं, जयानं, रिक्षातच विषय संपवला.

"आता चाकावर सरकणारा मोठा जॅक आणायचा अन् दोन लोखंडी स्टँड. फरशीवर गाडी घ्यायची, जॅकनं उचलायची, स्टँडवर बसवायची, मगच खाली शिरायचं. न्हाईतर गॅरेजच्या पाया पडायचं. तिसरं काय नाय."

उपाय संपूर्ण होता. पण गोकुळनं तो दुसऱ्या दिवशी दूध डेअरीवर चार लोकांत सांगितला, आणि चार लोकांत सांगितलेला उपाय आपल्याकडे उपाय राहत नाही, विषय होतो.

गावच्या सरपंच नूतनताई होत्या. त्या सही करत. त्यांचे पती सोमाजीराव यांच्याकडे कोणतंही पद नव्हतं आणि म्हणून सर्व अधिकार होते. ते त्याच संध्याकाळी गोकुळकडे आले, प्लास्टरकडे हळहळून पाहिलं आणि म्हणाले, "तू एकट्यानं जॅक घ्यायचा? मग आमी कशाला हाय? गावात गाड्या लई झाल्यात, गोकुळ. आज तुझा अंगठा गेला, उद्या गावाचा जाईल. हे काम ग्रामपंचायत करणार."

"पर भाऊ, आमी उद्याच घेऊन येणार व्हतो," जया म्हणाली.

"वहिनी, वैयक्तिक खरेदीनं समाजाचा प्रश्न सुटत नसतो."

गोकुळला हे वाक्य आवडलं. आपला अंगठा हा समाजाचा प्रश्न आहे, असं त्याला पूर्वी कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं खरेदी थांबवली. जयानं गाडीची किल्ली तेवढी गव्हाच्या कोठीत टाकली.

विशेष सभेत 'घरगुती वाहन-उत्थापन सुरक्षा समिती' स्थापन झाली. अध्यक्ष सोमाजीराव. सचिव ग्रामसेवक, ज्यांना सारं गाव भाऊसाहेब म्हणत असे. तज्ज्ञ सदस्य म्हणून दादाभाऊ यांची निवड झाली, कारण त्यांनी ऐन तारुण्यात उसानं भरलेली ट्रॉली दोन दगडांवर तोलून धरली होती. ते दगड पुढे फुटले होते, पण तोपर्यंत दादाभाऊ जेवायला घरी गेले होते, त्यामुळे त्यांचा अनुभव निष्कलंक होता.

समिती अभ्यासदौऱ्यावर निघाली. शुभकार्य म्हणून आधी ओझरला विघ्नहराचं दर्शन घेतलं. मग जेवण झालं. मग अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाऊन तज्ज्ञांशी बोलायचं होतं, पण दिवस रविवारचा निवडला गेल्यामुळे तज्ज्ञ भेटणार नव्हते. समितीनं फाटकासमोर फोटो काढला. अहवालात 'अभियांत्रिकी क्षेत्राच्या सान्निध्यात सखोल विचारमंथन झाले' असं नोंदवण्यात आलं, आणि ते खोटं म्हणता येणार नाही. सान्निध्य होतंच.

साधनाच्या निवडीवर बैठक झाली तेव्हा जया आगाऊपणे हजर राहिली. समितीनं पहिल्यांदा गाडीसोबत मिळणारा छोटा जॅक फेटाळला. अपघातात त्याचं नाव आलं होतं. मग दुकानदाराच्या पत्रकात उभट आकाराचा, ताकदीचा एक जॅक दिसला.

"याला बॉटल जॅक म्हणतात," भाऊसाहेबांनी वाचून दाखवलं.

"बाटली?" सोमाजीराव दचकले. "गावात बाटलीबंदीचा ठराव हाय आपला. उद्या पेपरात येईल, ग्रामपंचायतीनं बाटली घेतली म्हणून. खोडा ते."

अशा रीतीनं सरकणारा ट्रॉली जॅक मंजूर झाला. जया म्हणाली, "अन् स्टँड?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "ताई, गाडी उचलायला जॅक घेतोय आपण. स्टँडनं गाडी उचलती का?"

"नाय. पण उचललेली धरून ठेवतो. जॅकचं तेल उतरलं तर गाडी माणसावर येती."

"म्हणजे जॅक बिनभरवशाचा हाय, असं ग्रामपंचायतीनं लिहून द्यायचं? एकाच गाडीखाली दोन वस्तू लावल्या तर ऑडिटवाला विचारल, पहिलीवर विश्वास नव्हता तर घेतली कशाला? काय उत्तर देऊ मी?"

"अन् ह्यांच्यावर गाडी आली तर मला काय उत्तर द्याल?"

"त्याला वेगळी योजना हाय," भाऊसाहेब म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. ती योजना खरोखरच होती.

दादाभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "वहिनी, आमी दगडावर ट्रॉली तोलली. हे तर लोखंड हाय. आजकालच्या लोकांना भ्याच लई."

स्टँड नामंजूर झाले. पण दुकानदारानं जॅक पाठवताना सोबत दोन लाल भडक स्टँड फुकट धाडले. समितीपुढे पेच उभा राहिला. मागितलेली वस्तू न येण्याचा सराव सर्वांना होता. न मागितलेली आल्याचा प्रसंग प्रथमच होता. नोंद कुठल्या सदरात करावी हे न कळल्यामुळे भाऊसाहेबांनी तोडगा काढला. जॅक वापरायचा आणि स्टँडचं लोकार्पण करायचं. जॅक काळा आणि तेलकट होता, हार घातल्यावर शोभला नसता. स्टँड देखणे होते.

लोकार्पणासाठी जिल्ह्यातले एक माननीय येणार होते. ग्रामपंचायतीसमोर मांडव पडला. कमानीवर 'सुरक्षित गाव, उचललेलं गाव' असा फलक लागला आणि त्यावर माननीयांच्या तसबिरीखाली, चेहऱ्यांच्या गर्दीत, खालच्या कोपऱ्यात गोकुळचाही फोटो छापला गेला. त्याखाली लिहिलं होतं, 'प्रेरणास्थान: अपघातग्रस्त गोकुळशेठ.' गोकुळ त्या फलकाकडे तीनतीनदा चक्कर मारून आला. पाय अजून लंगडत होता.

आदल्या संध्याकाळी सोमाजीराव पुन्हा घरी आले. प्रात्यक्षिकात गाडीखाली कुणीतरी झोपलेलं हवं होतं.

"लाभार्थी दिसला पायजे राव. नुसती गाडी उचलली तर माननीय म्हणतील, मग माणूस कुठंय?"

"स्टँड लावणार ना खाली?" जयानं विचारलं.

"लावणार की! लोकार्पण झालं की लगेच."

ते गेल्यावर जया नवऱ्याकडे वळली. "तुमाला कळतंय का, ते काय म्हणाले ते?"

"अगं, पाच मिनिटांचा प्रश्न हाय. अन् जिल्ह्याची माणसं येणारेत. आता न्हाई म्हणलं तर बरं दिसल का?"

"गाडीखाली चेपल्यावर लई बरं दिसाल."

"तू ना, कशात चांगलं बघतच न्हाईस," गोकुळ म्हणाला आणि इस्त्रीचा शर्ट शोधायला उठला. कोठीत हात घालून किल्लीही त्यानंच काढली.

कार्यक्रमाची वेळ सकाळची होती. माननीय दुपारी आले. गोकुळची गाडी हार घालून मांडवात उभी होती. दादाभाऊंनी जॅक लावला, दांडा वरखाली केला, गाडीचं नाक वर आलं. टाळ्या झाल्या. फोटोवाला म्हणाला, "जरा खाली घ्या, फलक झाकला." दादाभाऊंनी जॅकचा तेलाचा नळ सैल केला, गाडी खाली आली. "आता जरा वर." त्यांनी नळ परत आवळला आणि दांडा मारून गाडी वर घेतली. नळ कितपत आवळला, हे तेच सांगू शकले असते, पण तेवढ्यात त्यांचं नाव सत्काराला पुकारलं गेलं.

गोकुळ पाठीवर झोपून गाडीखाली शिरला. कमरेपासून खालचा भाग आणि नवे बूट बाहेर राहिले. दोन्ही स्टँड बाजूच्या टेबलावर मखमली कापडावर होते. त्यांना झेंडूच्या माळा होत्या आणि दोघांना जोडणारी एक रुंद लाल फीत होती. माननीय भाषणाला उभे राहिले.

माननीय उचलण्यावर बोलले. त्यांनी माणूस, गाव, तालुका आणि शेवटी देश कसा उचलायचा, हे क्रमानं सांगितलं. तालुका संपत आला असेल, तेव्हा गाडीखालून आवाज आला. पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. सोमाजीरावांनी वाकून पाहिलं आणि मंचाकडे वळून म्हणाले, "साहेब, लाभार्थ्याला मनोगत मांडायचंय."

माननीय प्रसन्न झाले. "द्या, द्या. त्यांना माइक द्या."

कुणीतरी वायरचा माइक गाडीखाली सारला. मांडवातल्या चारही कर्ण्यांतून गोकुळचा आवाज घुमला.

"गाडी खाली येतीय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, येतीय! छातीला टेकली! काढा मला!"

"पाहा," माननीय मंचावरून म्हणाले, "सामान्य माणूस भावनावश होतो तेव्हा त्याला शब्द सुचत नाहीत." नूतनताईंनी पहिल्यांदाच काही बोलायला तोंड उघडलं, पण माइक गाडीखाली होता.

जया तोवर बायकांच्या रांगेतून उठून टेबलापाशी पोहोचली होती. तिनं स्टँडला हात घातला. दादाभाऊंनी, गळ्यात सत्काराची शाल, तिचं मनगट धरलं.

"वहिनी, अजून फीत कापायचीय."

"कवा?"

"भाषण झाल्याव."

"सोडा हात!"

"आवं, माननीयांचा अपमान..."

जयानं दुसऱ्या हातानं फीत ओढली. ती तुटेना, चांगल्या कापडाची होती. तेव्हा तिनं दोन्ही स्टँड, माळा, मखमल आणि दादाभाऊंच्या शालीचं टोक असं सगळं एकदमच ओढून नेलं. एक स्टँड गाडीच्या कडेखाली सारला. मखमल मध्ये आल्यामुळे तो तिरका बसला. तिनं लाथ मारून सरळ केला. लोखंडावर लोखंड टेकल्याचा आवाज माइकनं सर्व गावाला ऐकवला. गाडी थांबली.

"वढा कुणीतरी!" ती ओरडली.

मांडव भरलेला होता. पण प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता आणि तो गाडीकडे रोखलेला होता, त्यामुळे मोकळा हात उपलब्ध होऊ शकला नाही. जयानं एकटीनं नवऱ्याचे दोन्ही पाय धरले आणि त्याला बाहेर खेचलं. त्याची एक बरगडी मोडली होती, शर्ट फाटला होता. तो पहिला श्वास घेता घेता रडला. ती खाली बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला शिव्या देऊ लागली. त्या माइकमधून ऐकू येत राहिल्या. कुणालाच बटण सापडत नव्हतं.

चौकशी झाली. शासकीय मालमत्तेचं अनधिकृतपणे लोकार्पण केल्याबद्दल जयाला नोटीस आली. फीत पंचनाम्यात जप्त झाली. दोन्ही स्टँड कुलुपात गेले. माननीयांची पुढची तारीख मिळेपर्यंत ते वापरू नयेत, असा ठराव झाला. जॅकविषयी मात्र कुणाचीच तक्रार नसल्यामुळे तो गावाला खुला राहिला. तो रोज कुणाच्या ना कुणाच्या अंगणात असतो. लोक त्यावर गाडी उचलतात आणि खाली शिरतात. दादाभाऊ मार्गदर्शन करतात.

जयानं नोटिशीला उत्तर दिलं नाही. तिनं गाडी आळेफाट्याला नेऊन उभी केली आणि ऑइल बदलून होईपर्यंत गॅरेजच्या दारातून हलली नाही. गोकुळ बरगडीला पट्टा बांधून घरी पडून होता आणि आपला व्हिडिओ किती जणांनी पाहिला, ते दर थोड्या वेळानं बघत होता.

पुष्कळ जणांनी पाहिला. जुन्नर, आंबेगाव ओलांडून तो फार दूरवर गेला. खाली लोकांनी मतंही लिहिली. कॅमेरा हलतोय, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. एकानं लिहिलं, ती बाई मध्ये आली नसती तर नीट दिसलं असतं. त्याला सर्वांत जास्त पसंती मिळाली.

तो आपल्याकडेही आला असेल. आपणही तो शेवटपर्यंत पाहिला असणार, कारण माणूस वाचतो की नाही हे शेवटीच कळतं. वाचला, हे कळल्यावर क्षणभर आपल्याला नेमकं काय वाटलं, ते मात्र कुणाला सांगू नका.